चावी हातात पडेपर्यंत

पितृपक्षात घर कोणी बुक करत नाही. टोकन द्यायचं नाही, सही करायची नाही, जुनी माणसं बरोबर असली तर नव्या जागेचा विषयही काढायचा नाही. त्यामुळे एरवी शनिवार-रविवारी पाणी प्यायची फुरसत नसलेल्या साइट ऑफिसांतल्या मुलांना या पंधरवड्यात बोलायला वेळ असतो. संपादकांनी २०२५च्या अंकासाठी ‘उंबरठा’ हा विषय दिला आणि पहिलं घर घेणाऱ्यांचं काय चाललंय ते जाऊन बघा म्हणाले, तेव्हा मी हेच दिवस धरले आणि मोशी गाठली.

पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी ओलांडली की मोशी. मागे भोसरीची एमआयडीसी, पुढे चाकणची. एकेकाळी शेतं आणि दगडखाणी असलेल्या या पट्ट्यात आता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना इमारतींचे सांगाडे आणि त्यांच्या पायाशी काचेची चकचकीत ऑफिसं. आत गेलं की थंडगार हवा, कॉफी, काचपेटीत प्रकल्पाची प्रतिकृती. प्रतिकृतीत झाडं आणि पोहण्याचा तलाव असतो. मोशीचा कचरा डेपो मी पाहिलेल्या एकाही प्रतिकृतीत किंवा ब्रोशरमध्ये नव्हता.

सॅम्पल फ्लॅट हा खास बघण्याचा प्रकार. त्याच्या खोल्यांना दारं नसतात. त्यामुळे दार उघडल्यावर पलंग कुठे मावणार, हा प्रश्न पडत नाही. एका भिंतीला आरसा असतो म्हणून हॉल दुप्पट दिसतो, आणि वॉशिंग मशीनची जागा कोणती हे विचारल्यावर उत्तर द्यायला वरिष्ठांना बोलवावं लागतं.

त्या दिवशी माझ्याशिवाय तिथे एकच कुटुंब होतं. नवरा चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीला, बायको पॅथॉलॉजी लॅबमध्ये, सोबत त्याची आई. मूळचे परभणी जिल्ह्यातले. पैसे घटस्थापनेनंतरच द्यायचे, आज नुसतं बघायला आलोय, हे त्यांनी दारातच सांगून टाकलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ला, नेमकं घटस्थापनेच्याच दिवशी, सिमेंटवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्के होणार होता. मग भाव उतरणार का, हा त्याचा पहिला प्रश्न. “सर, सिमेंट उतरलं तरी लेबर वाढलंय,” सेल्सच्या मुलाने क्षणभरही न थांबता सांगितलं. उत्तर रोज द्यावं लागत असणार.

आई इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी एकच विचारलं, “पाणी कुठनं येतंय हितं?”

“कॉर्पोरेशनचं येणार आहे, मावशी. तोपर्यंत टँकर.”

“आमच्याकडं पाणी नाही म्हणून तर पोरगं हिकडं आलं,” त्या सुनेला म्हणाल्या. मुलगा हसला, सून हसली नाही. पुण्याच्या वेशीवरच्या अनेक प्रकल्पांना ‘महापालिकेचं पाणी येईपर्यंत आम्ही पुरवू’ अशा बिल्डरच्या हमीपत्रावर परवानगी मिळते. सोसायटी स्थापन झाली की टँकरचं बिल सभासदांच्या मेंटेनन्समध्ये येऊन बसतं. हमीपत्र कुठल्या फायलीत आहे, हे तेव्हा कोणालाच आठवत नाही.

कॉस्ट शीट

या धंद्यातला खरा दस्तऐवज म्हणजे कॉस्ट शीट. एक ए-फोर कागद. होर्डिंगवरचा आकडा वेगळा, फोनवर सांगितलेला वेगळा, आणि या कागदाच्या तळाशी असलेला वेगळा. वर ‘बेसिक’, मग उंच मजल्याचे फ्लोअर राइज, मग पार्किंग, क्लब हाऊस, वीजजोडणी, सोसायटी स्थापनेचा खर्च, देखभालीचे दोन वर्षांचे आगाऊ पैसे. यातले बरेच आकडे मिळून ‘ॲग्रीमेंट व्हॅल्यू’ होते. त्याखाली सरकारचा भाग.

हिशेबाला सोपं म्हणून सत्तर लाखांचं घर धरू. करारात ७० लाख. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, साडेतीन लाख. पिंपरी-चिंचवडमध्ये मुद्रांक शुल्क ७ टक्के: ५ टक्के मूळ, १ टक्का स्थानिक संस्थेचा, १ टक्का मेट्रोचा. म्हणजे चार लाख नव्वद हजार. नोंदणी फी ३० हजार. एकूण ७८ लाख ७० हजार. यात पडदे, पंखे, खिडक्यांचे ग्रिल, ओटा पुरेसा वाटला नाही म्हणून करून घ्यायचं फर्निचर, गणपती-वास्तू काही नाही.

आता बँक. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच रक्कम मिळते. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी या किमतीत धरत नाहीत. जीएसटी काही बँका धरतात, काही धरत नाहीत. सत्तर लाखांच्या घराला ५६ लाख कर्ज मिळालं, तर चौदा लाख स्वतःचे आणि वरचे आठ लाख सत्तर हजार, असे २२ लाख ७० हजार खिशातून हवेत. जीएसटीची सोय झाली तरी आकडा वीस लाखांच्या आसपासच राहतो.

घर महाग झालं, हे सगळेच म्हणतात. पण मी ज्या ज्या जोडप्यांशी बोलले त्यांतल्या बहुतेकांचं अडलं होतं ते इथे. हप्ता भरायची तयारी होती, पगारही त्या बेताचा होता. भाडं आणि गावाकडे पाठवायचे पैसे जाऊन महिन्याला १५ हजार बाजूला पडत असतील, तर २२ लाख ७० हजार साठायला साडेबारा वर्षं लागतात. तोवर सत्तर लाखांचं घर सत्तर लाखांचं राहणार नाही, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

मग हे पैसे येतात कुठून? पीएफमधून. लग्नातल्या सोन्यावरच्या कर्जातून. सासऱ्यांकडून, ज्याची चर्चा कोणी करत नाही. पतसंस्थेतून, भिशीतून. गावाकडच्या जमिनीतून, मराठवाड्यातलं एक-दोन एकर रान विकून पिंपरी-चिंचवडमधलं हॉल आणि किचन होतं. ज्यांच्यामागे यातलं काहीच नाही त्यांना एखादा एजंट कानात सांगतो की आधी पर्सनल लोन उचला, सिबिलला चढायच्या आत होम लोन मंजूर करून घेऊ. एका घरावर दोन कर्जं, त्यातलं एक दुप्पट व्याजाचं. बँकेची स्वतःच्या हिश्शाची अट असते ती कर्जदार बुडू नये म्हणून, आणि ती पाळण्यासाठी तो असा बुडायची तयारी करतो.

परभणीच्या त्या जोडप्यातल्या बायकोने कागदावरची एक ओळ पकडली. घर फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली.

“अहो, माझ्या एकटीच्या नावावर घेतलं तर सत्तर हजार वाचतात.”

तो कागद उलटसुलट बघत राहिला. आई म्हणाल्या, “मग घे की तिच्या नावावर. पैसे काय उडून चाललेत?”

आधी तुमचे, मग बँकेचे

बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे पैसे दिले असं होत नाही. आधी ‘ओसीआर’ आणा म्हणतात, म्हणजे स्वतःचा हिस्सा बिल्डरला भरल्याची पावती. तुमचे चौदा लाख पूर्ण गेल्याशिवाय बँकेचा पहिला रुपया हलत नाही. पुढचे टप्पे करारात ठरलेले असतात. स्थावर संपदा नियामक ‘महारेरा’च्या नमुना करारनाम्यात, करारनामा झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं पूर्ण झाल्यावर ४५ टक्क्यांपर्यंत आणि सगळे स्लॅब पडल्यावर ७० टक्क्यांपर्यंत, अशी कमाल मर्यादा आहे. मर्यादा म्हणून ठेवलेले हे आकडे बहुतेक करारांत सरळ वेळापत्रक होऊन येतात.

इमारत जमिनीच्या वर डोकं काढते तेव्हा घेणाऱ्याचे आणि त्याच्या बँकेचे मिळून निम्म्याजवळ पैसे गेलेले असतात. बिल्डरचं घर आपण विकत घेतो अशी आपली समजूत असते. व्यवहार पाहिला तर बिल्डरला बांधायला भांडवल आपण पुरवतो, आणि तेही पतपुरवठा करणाऱ्याला मिळणाऱ्या बहुतेक अधिकारांशिवाय. बँकेकडे गहाणखत आहे. सरकारने शुल्क करारनाम्याच्या दिवशीच घेतलं. ज्याने ग्राहक आणला त्या चॅनल पार्टनरचं, म्हणजे ‘सीपी’चं कमिशनही पहिल्या काही हप्त्यांत सुटतं. घर उभं राहण्यावर ज्याचं सगळं अडलंय असा या साखळीत एकच माणूस उरतो.

त्याचं दरम्यानचं आयुष्य कसं चालतं? भाड्याच्या घरात. स्लॅब पडला की बिल्डरचं डिमांड लेटर येतं, बँक तेवढे पैसे सोडते, आणि सुटलेल्या रकमेवरचं व्याज सुरू होतं. याला प्री-ईएमआय म्हणतात. त्यात मुद्दलाचा एक पैसा फिटत नाही. इकडे अकरा महिन्यांचा भाडेकरार संपतो, मालक दहा टक्के वाढवून मागतो. ताबा वर्षभर लांबला तर घरभाडं आणि व्याज असा दुहेरी हप्ता आणखी वर्षभर. पिंपळे गुरवला भाड्याने राहणाऱ्या एका शिक्षिकेने मला मोबाइलवर स्लॅबचे फोटो दाखवले, तारखेसकट. दर रविवारी ती साइटवर जाऊन काढते. “अकरावा पडायला दोन महिने लागले,” ती म्हणाली. मुलाच्या उंचीच्या खुणा भिंतीवर करतात तशी ती मजले मोजत होती.

यावर मधल्या काळात एक तोड निघाली होती, ताब्यापर्यंतचं व्याज बिल्डर भरेल अशी. सबव्हेंशन स्कीम. बँकेने पैसे सरसकट बिल्डरला द्यायचे, त्याने व्याज भरत राहायचं. दिल्लीजवळच्या नोएडा पट्ट्यात बिल्डरांनी व्याज भरणं थांबवलं आणि नोटिसा आल्या घर न मिळालेल्या लोकांना. कर्ज त्यांच्याच नावावर होतं ना. २०१९ मध्ये नॅशनल हाउसिंग बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितलं. २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर-बँक संगनमताची सीबीआय चौकशी लावली.

चावी मिळाल्यावर पूर्ण हप्ता सुरू होतो. ५६ लाखांना ८ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता ४६,८०० च्या आसपास. पहिल्या महिन्याच्या हप्त्यातले ३७ हजार व्याजात जातात. दर बदलला की काय होतं, हे २०२२ मध्ये अनेकांना कळलं. त्याआधी काही बँका ६.७ टक्क्यांनी कर्ज देत होत्या. तीस लाखांचा वीस वर्षांचा हप्ता २२,७०० बसला. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. हप्ता मात्र तेवढाच राहिला, कारण बँकांनी हप्ता न वाढवता मुदत वाढवली. ९.२ टक्क्यांनी तीस लाखांचं महिन्याचं व्याजच २३ हजार होतं. म्हणजे भरलेला सगळा हप्ता व्याजात, तरी तो पुरत नाही. आकडा न बदलल्यामुळे पुष्कळांच्या लक्षातच आलं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. २०२५ मध्ये रेपो पुन्हा ५.५ टक्क्यांपर्यंत उतरला, आणि एका बँकेतल्या अधिकाऱ्याच्या म्हणण्याप्रमाणे, मुदत कमी करून घ्यायला मागणारे दहात दोन असतात.

शुल्क

दुय्यम निबंधकांचं कार्यालय म्हटलं की गर्दी, दलाल, अंगठा, वेबकॅमसमोर मान सरळ करा, असं चित्र डोळ्यांपुढे येतं. नव्या घरांसाठी आता ते बरंचसं बिल्डरच्याच ऑफिसात उरकतं. ई-नोंदणी झाली, संध्याकाळपर्यंत इंडेक्स टू, म्हणजे नोंदणीचा उतारा, हातात.

सरकारला घरं किती प्यारी आहेत, ते २०२०च्या शेवटी दिसलं होतं. करोनात व्यवहार थंडावले तेव्हा राज्याने मुद्रांक शुल्क सप्टेंबर ते डिसेंबर ३ टक्क्यांनी आणि पुढे मार्चपर्यंत २ टक्क्यांनी कमी केलं. मुंबईत पाचाचे दोन झाले. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या. जानेवारी २०२१ मध्ये बिल्डरांना बांधकामावरच्या अधिमूल्यात वर्षभर निम्मी सवलत मिळाली, ग्राहकांचं मुद्रांक शुल्क त्यांनी भरावं या अटीवर. पाच टक्के शुल्क म्हणजे किरकोळ बाब, असं एरवी सांगितलं जातं. ती किरकोळ बाब हलवली की काय होतं, ते त्या चार महिन्यांनी दाखवून दिलं.

करारनाम्याच्या वेळी शुल्काचा काही भाग आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यावर उरलेला, असं का करता येऊ नये? निदान पहिल्या घराला. मी हे एका निवृत्त नोंदणी अधिकाऱ्याला विचारलं. ते म्हणाले, “बाई, येणारा महसूल पुढे ढकला म्हणून कोणत्या सरकारला सांगणार?”

लॉटरी

मुंबईत ‘घर लागलं’ असा शब्दप्रयोग आहे, नोकरी लागली तसा. म्हाडाचं घर घेत नाहीत, ते लागतं. ऑगस्ट २०२३ च्या मुंबई मंडळाच्या सोडतीत ४,०८२ घरांसाठी सव्वा लाखाच्या आसपास अर्ज होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये घरं २,०३०, अर्ज एक लाख तेरा हजारांवर. अनेक घरांत वडिलांनी पंचवीस-तीस वर्षं अर्ज भरले, आता मुलगा भरतो. अनामत रक्कम परत मिळते, त्यामुळे तेच पैसे वर्षानुवर्षं एका सोडतीतून दुसऱ्या सोडतीत फिरत राहतात.

गंमत उत्पन्नगटांत आहे. महानगरांत अत्यल्प गटाची मर्यादा वार्षिक सहा लाख, अल्प नऊ, मध्यम बारा. सहा लाखांच्या आत कमावणाऱ्याला बँक महिन्याला २२ हजारांच्या हप्त्याचं, म्हणजे सव्वीस लाखांच्या आसपासचं कर्ज देईल. पगाराची स्लिप असेल तर. रिक्षा चालवणाऱ्याला, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या बाईला तेही नाही. त्यांच्यासाठी गृहवित्त कंपन्या आहेत, जास्त दराने. गोरेगावच्या पहाडीतली अत्यल्प गटाची घरं, पंतप्रधान आवास योजनेतलं अनुदान धरून, तीस लाखांच्या घरात होती, आणि मूळ अट वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असण्याची. पंचवीस हजार पगारात तीस लाखांचं घर! पुढे मुंबई महानगरासाठी ही मर्यादा सहा लाखांवर नेली, तेव्हा कुठे हिशेब जरा जमला. दुसऱ्या टोकाला २०२३च्याच यादीत ताडदेवचा साडेसात कोटींचा फ्लॅट. २०२४च्या सोडतीत तर बिल्डरांकडून मिळालेल्या ३७० घरांच्या किमती अर्ज मागवल्यानंतर १० ते २५ टक्के उतरवाव्या लागल्या.

मुंबईबाहेर चित्र उलटं. विरार-बोळिंजला म्हाडाची हजारो घरं वर्षानुवर्षं पडून होती, शेवटी ‘प्रथम येणाऱ्यास प्राधान्य’ म्हणून विकायला काढली. पाण्याची ओरड होती, आणि विरारहून चर्चगेट हे रोजचं अंतर काय असतं ते ज्याचं त्याला माहीत. सरकारी यादीत घर म्हणजे चौरस फूट. घेणाऱ्याच्या हिशेबात सकाळी ७.१० ची लोकल, आईचा दवाखाना आणि पोरांची शाळाही असते. २०११ च्या जनगणनेत एकट्या मुंबईत जवळपास ४ लाख ८० हजार घरं रिकामी आढळली होती. बेघर माणसं आणि बिनमाणसांची घरं एकाच वॉर्डात नांदत होती.

मोठ्या खासगी प्रकल्पांतली २० टक्के घरं अल्प आणि अत्यल्प गटाला सोडतीतून द्यावीत, असाही नियम आहे. तो चार हजार चौरस मीटर, म्हणजे एकराच्या भूखंडापासून लागू. मग भूखंडांचे एकराच्या आतले तुकडे पडू लागले. नाशिकमधल्या अशा प्रकारांवरून २०२२ मध्ये विधान परिषदेत वादळ झालं, महापालिका आयुक्तांची बदली झाली. नियम आजही आहे.

‘नंबर आहे ना?’

स्थावर संपदा कायदा, म्हणजे रेरा, महाराष्ट्रात मे २०१७ पासून पूर्णपणे लागू झाला आणि काही गोष्टी खरोखर बदलल्या, हे मान्य करायला हवं. सुपर बिल्टअपचा गोलमाल कागदावरून तरी गेला, कार्पेट एरिया आला. करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही. १९६३च्या मोफा कायद्यात ही मर्यादा २० टक्के होती. ग्राहकांच्या पैशांतले ७० टक्के त्या प्रकल्पाच्या स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात. ताबा लांबला तर व्याज किंवा व्याजासह परतावा मागता येतो.

आदेश मिळवणं आणि पैसे मिळवणं या मात्र दोन वेगळ्या लढाया आहेत. बिल्डरने भरले नाहीत तर महारेरा वसुली वॉरंट काढते, ते जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदारांकडे. तहसीलदारांच्या टेबलावर अतिवृष्टीचे पंचनामे असतात, निवडणुकीची कामं असतात, दाखले असतात. त्यात तुमचं वॉरंट.

तरीही लोकांनी ‘रेरा नंबर’ हा शब्द पक्का धरला. नंबर आहे ना, मग झालं. डोंबिवलीत हेच अंगाशी आलं. कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या जोडून ६५ इमारतींना महारेराचे नोंदणी क्रमांक मिळवले गेले. एका वास्तुविशारदाने पाठपुरावा केला, प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये या इमारती पाडण्याचा आदेश झाला. हजारो कुटुंबं आत राहत होती. त्यांनी करारनामे नोंदवले होते, मुद्रांक शुल्क भरलं होतं, बँकांनी कायदेशीर तपासणीची फी घेऊन कर्जं दिली होती.

डोंबिवली पूर्वेला अशाच एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर मी गेले. दाराला तोरण, आत भिंतीवर नवा टीव्ही, कपाटातून काढून ठेवलेली प्लॅस्टिकची फाइल. त्या बाईंनी एकेक कागद काढून सतरंजीवर मांडला. करारनामा, इंडेक्स टू, बँकेचं मंजुरीपत्र, महापालिकेची मालमत्ता कराची पावती. “यातला खोटा कोणता ते मला दाखवा,” त्या म्हणाल्या. सतरंजीवर नव्हताच तो. खोटी परवानगी त्यांच्यापर्यंत कधी आलीच नव्हती. ती बिल्डर, नोंदणी आणि बँक यांच्यामध्ये फिरून फायलीत जाऊन बसली होती. बिल्डिंग पाडली तरी कर्ज पडत नाही, हे त्यांना बँकेने तोंडी सांगितलं आहे. महारेरा आता प्रारंभ प्रमाणपत्र स्थानिक संस्थेकडून पडताळून घेते. ही पडताळणी पहिल्या दिवसापासून का नव्हती, याला उत्तर नाही.

नालासोपाऱ्याच्या अग्रवाल नगरीत ४१ इमारती होत्या, कचराभूमी आणि सांडपाणी प्रकल्पासाठी राखीव असलेल्या जागेवर. उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार त्या २०२५च्या सुरुवातीपर्यंत पाडल्या गेल्या. मोशीच्या शेजारीच, चिखलीत, इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेत बांधलेले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशाने मे २०२५ मध्ये भुईसपाट झाले. घेणारे म्हणत होते की आमच्याकडे खरेदीखत आहे. होतंच. खरेदीखत नोंदवताना त्या जमिनीवर बांधता येतं का, हे निबंधक कार्यालय बघत नाही; शुल्क भरलं आहे का आणि सह्या करणारी माणसं तीच आहेत का, हे बघतं. आपल्याकडे प्रत्येक खिडकी फक्त आपापला कागद तपासते. सगळे कागद एकत्र ठेवून बघायचं काम ज्याने आयुष्यात हे पहिल्यांदाच केलंय, त्याच्यावर सोडलं आहे.

कुंभारी

बिल्डर मधून काढला तर काय होतं? सोलापूरजवळ कुंभारीला रे नगर उभं आहे. विडी कामगार, यंत्रमाग कामगार, कचरा वेचणारे अशा असंघटितांसाठीची ३० हजार घरांची वसाहत. त्यातल्या १५ हजारांचं वाटप १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते झालं. मागे उभं होतं माजी आमदार नरसय्या आडम, आडम मास्तरांचं, लाल बावट्याखालचं काम. याआधी, २००६ मध्ये, गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना दहा हजार घरं त्यांनी मिळवून दिली होती. राजकारणाच्या रंगांची सरमिसळ बघून गंमत वाटते, पण हिशेब जास्त बोलका आहे.

सहकारी संस्थेने शहराबाहेरची शेतजमीन घेतली. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख असं प्रत्येक घरामागे अडीच लाख अनुदान, उरलेलं सभासदांचं, थोडं थोडं करून वर्षानुवर्षं भरलेलं. होर्डिंग नाही, सीपी नाही, सॅम्पल फ्लॅट नाही, नफा नाही. साधारण ३०० चौरस फुटांचं घर, एखाद्या महानगरातल्या पार्किंगच्या किमतीत.

तिथेही सगळं गोड नाही. दिवसभर विड्या वळून झाल्या की त्या कारखान्याच्या ब्रँचवर नेऊन द्याव्या लागतात. ब्रँच शहरात, घर कुंभारीत. रिक्षाचे पैसे मजुरीतून जातात. एक आजी म्हणाल्या, “घर झालं आता ब्रँच हिकडं आणा म्हणावं.” पण त्यांच्या बोलण्यात मोशीच्या ऑफिसात ऐकलेली धास्ती नव्हती. हप्ता चुकला तर काय, हा प्रश्न तिथे मी दोनदा विचारला आणि दोन्ही वेळा समोरच्या बाईला तो नीट कळलाच नाही.

हे सगळीकडे होईल असं मी म्हणणार नाही. त्यामागे संघटनेची कित्येक वर्षं आहेत, आणि पुण्या-मुंबईजवळ त्या भावाची जमीन नाही. तरी सहकारातून घर ही कल्पना महाराष्ट्राला परकी नव्हती. मुंबईत गावदेवीला सारस्वतांनी १९१५ मध्ये सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, तेव्हा सभासद आधी एकत्र यायचे आणि मग घर बांधायचे. आता बिल्डर बांधतो, विकतो, आणि शेवटी घेणाऱ्यांची संस्था नोंदवून देतो.

जमीन कोणाची

ती संस्था नोंदवल्यावर चार महिन्यांत इमारत आणि जमीन संस्थेच्या नावे करून द्यावी, असं मोफा कायदा सांगतो. हजारो संस्थांमध्ये हे झालेलं नाही. कारण उघड आहे: जमीन ज्याच्या नावावर, वाढीव चटईक्षेत्र त्याचं. बिल्डर करून देत नसेल तर संस्थेने जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करावा, अशी तरतूद २००८ मध्ये झाली. तिला मानीव अभिहस्तांतरण म्हणतात. उच्चार करायला कठीण, मिळवायला त्याहून.

बोरिवलीतल्या एका जुन्या सोसायटीत सेक्रेटरी काकांनी मला बसायला बाक दिला आणि स्वतः उभ्याने सगळं सांगितलं. इमारत १९८६ ची. कर्जं केव्हाच फिटली, निम्म्या घरांत आता दुसरी पिढी आहे. पुनर्विकासाची बोलणी चालू झाली तेव्हा कळलं की जमीन अजून बिल्डरच्याच भागीदारी संस्थेच्या नावावर, आणि त्या भागीदारांपैकी दोघे हयात नाहीत. मानीव अभिहस्तांतरणासाठी अठ्ठावीस सभासदांचे मुद्रांक भरलेले करारनामे लागतात. पंचवीस मिळाले. एकाचा पुरात भिजला, एक सभासद अमेरिकेत, आणि तिसरा करारनामा सोसायटीच्या कपाटात खुद्द काकांच्या नावाच्या पाकिटात असायला हवा होता. तो गेल्या गणपतीपासून सापडत नाहीये. नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत काढायला त्यांनी अर्ज दिला आहे. १९८६ ची पुस्तकं दुसऱ्या इमारतीत हलवल्यामुळे पुढच्या महिन्यात या, असं तिथे सांगितलं.